मथुरामावशीची सुरगाठ

झेंडा फडकवायला काही लागत नाही. दोरी ओढायची, मान वर करायची आणि फोटो निघेपर्यंत हात कपाळाला लावून उभं राहायचं. निर्मळजवळच्या त्या शाळेत तीस वर्षांत हे कुणाकुणाला जमलं ते सांगत बसलं तर सकाळ उलटेल. सरपंच झाले, नगरसेवक झाले, पतपेढीचे मॅनेजर झाले, आणि ज्यांनी शाळेला दोन पंखे दिले त्या डॉक्टरांचा तर तीनदा नंबर लागला. कठीण असतं ते झेंडा बांधणं. ते तीस वर्षं एकाच बाईने केलं आणि तिचं नाव एकाही निमंत्रणपत्रिकेवर कधी छापलं गेलं नाही.

मथुरा त्या शाळेतली शिपाई. नवरा भालचंद्र आधी त्याच जागेवर होता. तो ऐन पस्तिशीत गेला, तेव्हा त्यांचा मुलगा पियुष चार वर्षांचा होता. संस्थेने नोकरी तिला दिली. घंटा, झाडू, माठ, चहा, हजेरीचे कागद असं सगळं तिच्याकडे आलं आणि त्याबरोबर वर्षातून दोनदा झेंडाही आला. तो बांधायचा कसा हे तिला चित्रकलेच्या रोनाल्ड सरांनी दाखवलं. घडी कशी घालायची, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली कसा दुमडायचा, मग गुंडाळी कशी करायची. गाठ मात्र सरांना शिकवावी लागली नाही. मथुराचं माहेर पानवेलीवालं. वेल आधाराला बांधायचा तो केळीच्या सुक्या सालीने, आणि गाठ अशी मारायची की वाऱ्यात हलणार नाही, पण वेल उतरवायच्या दिवशी एका हिसक्यात सुटेल. सुरगाठ. दहा वर्षांची असल्यापासून तिने असल्या हजारो गाठी मारल्या होत्या. सरांनी तिची पहिली गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "मथुराबाई, आता तुम्हीच मला शिकवा."

झेंड्यातली फुलं तिच्या वाडीतली. झेंडू ती कधी घालायची नाही, त्याचा पिवळा डाग खादीवर बसतो. गुलाब आणि पांढरी शेवंती. तीही सकाळची दव पडलेली नाही, आदल्या संध्याकाळी तोडून, पाकळ्या सुट्या करून सुपात पसरलेली, म्हणजे घडीत चिकटत नाहीत. पाहुणे दोरी ओढायचे, पाकळ्या अंगावर पडायच्या, टाळ्या पाहुण्यांना मिळायच्या. झेंडा वर जाईपर्यंत ती तोंडात पाणी घालायची नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं आपणच धरलं होतं.

रोनाल्ड सर पाचवीच्या पोरांकडून झेंड्याचं चित्र काढून घ्यायचे ते ऐकण्यासारखं असायचं. तीनास दोन असंच माप हवं, उगाच लांबडं नको. चक्राला चोवीस आरे, कोनमापकाने पंधरा-पंधरा अंशांवर खूण करा, डोळ्याने अंदाज नको. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे माती, पीक, हिरवळ. मथुरा व्हरांडा झाडता झाडता ऐकायची. एकदा तिने विचारलं होतं, "सर, केशरीच वर का?" सर म्हणाले, "कारण सोडून देणारा माणूस वर असावा, बाई. ओरबाडणारा नको." सर देवमाणूस होते. शाळेच्या संस्थेत कोण वर बसतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं, तरी हे शिकवत राहिले.

तर यंदा मे महिन्यात मथुराला साठ पूर्ण होणार होती. डिसेंबरच्या सभेत मुख्याध्यापिका मीरा मॅडमनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "येत्या सव्वीस जानेवारीला झेंडा आपल्या मावशी फडकवतील." शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मथुरा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिला ट्रे कुठे ठेवावा ते सुचेना. खोटं कशाला सांगा, हे तिला हवं होतं. तीस वर्षं हवं होतं. कधी तोंडाने मागितलं नाही म्हणून हवं नव्हतं असं नाही. तिने त्या रात्री पियुषला विरारला फोन केला. पियुष बँकेत, फ्लॅट स्वतःचा, बायको ऋतिका, सात वर्षांची मुलगी पूर्वी. तो म्हणाला, "येतो, आम्ही सगळेच येतो." मथुराने कपाटातली अबोली रंगाची साडी काढून इस्त्रीला दिली.

एकवीस तारखेला मीरा मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सिद्धेशशेठ शाळेला नवा ध्वजस्तंभ देत होते, पस्तीस फुटी, स्टीलचा. शाळेमागच्या वाड्या घेऊन जे टॉवर उभे राहतायत ते याच सिद्धेशशेठचे. स्तंभ त्यांचा, तेव्हा दोरीही त्यांच्याच हातात हे ओघाने आलंच.

"मावशी, तुम्ही समजून घ्याल," मॅडम म्हणाल्या. "पंधरा ऑगस्टला नक्की तुम्ही."

"पंधरा ऑगस्टला मी इथे नसेन, मॅडम. मे महिन्यात सुटते मी."

"अहो, पाहुण्या म्हणून बोलावू ना. बांधायचं काम मात्र तुमचंच हं. तुमच्यासारखं कुणाला येतंय?"

मथुरा "बरं" म्हणाली. तीस वर्षं नोकरी केल्यावर माणसाच्या तोंडून "बरं" आपोआप निघतं. पण आत काय झालं असेल ते सांगायला नको. देतो म्हणून सांगायचं, चारचौघांत टाळ्या वाजवून घ्यायच्या आणि मग ताटावरून उठवायचं. मुळात न बोलावलेलं परवडतं, हे नाही परवडत. पियुषला फोन करून सांगायला तिचा हात उचलेना. उद्या सांगू, परवा सांगू करत ते राहून गेलं.

नवा स्तंभ आला तसा नवा झेंडाही आला. हल्ली पॉलिस्टरचा चालतो, कायद्यात बसतो, त्यात कुणी काही गैर केलं नव्हतं. पण मथुराने तो हातात घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. कापड गुळगुळीत, चक्र छापताना कापड ओढलं गेलेलं, त्यामुळे अंड्यासारखं लांबट. आणि मुख्य म्हणजे जुन्या खादीच्या झेंड्याला वरच्या टोकाला लाकडी गुल्ली असायची, अंधारातही हात फिरवला की केशरी कुठे ते कळायचं. याला दोन्ही टोकांना सारख्याच पितळी कड्या. गुंडाळी झाली की वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, देवाला ठाऊक. ती स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "हा झेंडा नको. आपला ट्रंकेतला लावू." कुणी ऐकलं नाही. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "नाराज आहेत." ते मथुराने ऐकलं.

सव्वीसला पहाटे सहाला ती शाळेत होती. मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. सुपातल्या पाकळ्या, झेंडा, दोरी आणि ती. आता इथे एक गोष्ट लपवून उपयोग नाही, कारण तिनेही ती स्वतःपासून लपवली नाही. गुंडाळी करून झाल्यावर तिच्या मनात आलं, सुरगाठीऐवजी निरगाठ मारावी. एकच जास्तीचा पीळ. शेठ ओढतील, ओढतील, घामाघूम होतील, वर झेंडा मुठीसारखा मिटलेलाच राहील. सगळं गाव बघेल. तिच्या बोटांना ते अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ती गुडघ्यावर गुंडाळी घेऊन बसून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पदराने पुसलं, झेंड्याला लागू दिलं नाही. मग सगळं पुन्हा सोडलं, पुन्हा घडी घातली, कारण मनात पाप येऊन घातलेली घडी तिला नको होती. कापड निसटतं म्हणून दोरीला एक वेढा जास्त दिला, केशरी बाजूची कडी दोनदा बघून वरच्या टोकाला अडकवली आणि सुरगाठ मारली. एवढी चांगली गाठ तिने आयुष्यात मारली नसेल. गुंडाळी वर चढवली, दोरी खुंटीला अडकवली आणि पाहुण्यांचा चहा ठेवायला आत गेली.

चहा उकळून बाहेर आली तर गुंडाळी फुगलेली. बघणाऱ्याला काय कळणार, पण आपण मळलेली कणीक बाईला दुसऱ्याच्या परातीतही ओळखू येते. स्तंभाशी शेठच्या कार्यक्रमाचा डेकोरेशनवाला उभा होता, हातात रिकामी पिशवी.

"काय केलंस?" तिने विचारलं.

"कुछ नहीं मौसी, थोडा चमकी डाला. वीडिओ में अच्छा दिखेगा."

"खाली घेतला होतास?"

तो फोनवर बोलत निघूनही गेला. मथुराने दोरी खुंटीवरून सोडली, खाली घेऊन बघावं म्हणून. तेवढ्यात फाटकात शेठची गाडी आली आणि मीरा मॅडम धावत आल्या. "मावशी, काय करताय? आता राहू दे. पाहुणे आले."

"मॅडम, एकदा बघू द्या. याने सोडला होता."

"राहू दे म्हटलं ना."

मथुराने दोरी परत अडकवली. हेच तिचं चुकलं म्हणायचं असेल तर म्हणा. तीस वर्षांची सवय पुन्हा "बरं" म्हणाली.

शेठनी दोरी ओढली. गाठ सुटली, पाकळ्या पडल्या, सोनेरी चमकी उडाली, पोरांनी "हे" केलं आणि झेंडा उघडला. हिरवा वर, केशरी खाली. आणि त्याच क्षणाला स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं.

राष्ट्रगीत सुरू झाल्यावर हलायचं नाही. हे पोरांना याच शाळेने शिकवलेलं. चारशे पोरं, वीस शिक्षक, पुढारी, पालक, सगळे ताठ उभे, आणि वर उलटा झेंडा मजेत फडफडतोय. सिद्धेशशेठचा हात सलामीत. कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या नाही, ज्यांच्या आलं त्यांचे मोबाइल चालूच होते. मथुरा स्तंभाच्या मागे, नेहमीच्या जागी, हात सरळ खाली धरून उभी. बावन्न सेकंद. त्या बावन्न सेकंदांत तिचं जे झालं ते शत्रूचंही होऊ नये. समोर पालकांच्या रांगेत पियुष उभा होता. तो झेंड्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. आई स्तंभाच्या मागे का, दोरी भलत्याच माणसाच्या हातात का, ते त्याला आता कळलं होतं.

"जय हे" संपलं तशी ती धावली. झेंडा खाली घेतला, कड्या बदलल्या, सरळ करून वर चढवला. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यावर कुणीतरी म्हणालं, "बघा, नीट येतंय की बाईला." तिथेच निकाल लागला, मघाशी तिने मुद्दाम केलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वसईपासून विरारपर्यंत फिरला. दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा जण शाळेत जाब विचारायला आले, म्हणाले पोलिसांत जातो. सिद्धेशशेठनी त्यांना फोनवरून शांत केलं. "जाऊ द्या, गरीब बाई आहे," म्हणाले. तेही कुणीतरी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं आणि शेठच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. बघा म्हणजे, झेंडा उलटा त्यांच्या माणसाने केला आणि माफ त्यांनी मथुराला केलं.

मीरा मॅडमनी तिला केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसली.

"मॅडम, डेकोरेशनवाल्याने खाली घेतला होता. चमकी मी घातली नव्हती, तुम्ही पाहिलीत ना पडताना?"

"चमकी त्याने घातली. पण तो म्हणतो, मी फक्त वरून कोंबली, गाठ सोडली नाही."

"न सोडता कशी कोंबेल? आणि मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं नव्हतं, एकदा बघू द्या म्हणून?"

मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणालात ना. म्हणूनच सांगते मावशी, मनाने तुम्ही वाईट नाही. रागाच्या भरात झालं, मग वाईट वाटलं, उतरवायला धावलात. मी पाहिलं ते. माझंही चुकलंच, मी तुम्हाला शब्द दिला होता."

 शिव्या दिल्या असत्या तर मथुराने उलट दिल्या असत्या. या मायेवर काय बोलणार?

मॅडमनी कागद पुढे सरकवला. वर टाइप केलेलं होतं, "माझ्या नजरचुकीने." मॅडमनी समजावलं. केशरी खाली मुद्दाम केला तर कायद्याने गुन्हा आहे. चुकून झाला तर माफी मागून संपतं. सही केली की चौकशी बंद, मे महिन्यात मानाने निरोप.

"मुद्दाम किंवा चुकून, दोनच आहेत, मावशी."

"तिसरं आहे ना, मॅडम. मी केलंच नाही."

"त्याला रकाना नाही," मॅडम म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या.

तिने पियुषला फोन लावला. तो म्हणाला, "आई, कर सही. विषय संपव." तिने सही केली. तीस वर्षांत जिच्या हातून कधी चूक झाली नाही त्या बाईने आपल्या हाताने लिहून दिलं की झाली. बाहेर येऊन तिने घंटा दिली, वेळ झाली होती.

कागद शाळेत राहिला. गावात वेगळंच चाललं होतं. बाजारात भाजीवाल्या बायकांनी तिला जवळ ओढलं. "बरी जिरवलीस गो त्याची. आमच्या वाड्या गिळल्या मेल्याने." मथुरा म्हणाली, मी नाही केलं. त्या हसल्या, "हां हां, तू नाही केलंस, वाऱ्याने केलं." ज्यांची शेवंतीची वाडी शेठच्या टॉवरखाली गेली होती त्या म्हातारबांनी तर सायकल थांबवून तिला हात जोडले. ज्या माणसांनी तीस वर्षांत तिला "काय मावशी" पलीकडे विचारलं नव्हतं ती आता वाट अडवून बोलायची. आणि प्रत्येकाला ती सांगायची, मी नाही. मी सरळ बांधला होता. जेवढं सांगायची तेवढी ती त्यांना जास्त पक्की वाटायची.

रविवारी ती विरारला गेली, वाडीतली केळी घेऊन. निदान तिथे तरी सांगावं लागणार नाही असं तिच्या मनात होतं. पियुष म्हणजे तिने हातावर वाढवलेलं पोर. पहाटे सूप घेऊन ती निघायची तेव्हा तिचा पदर धरून यायचं, गुंडाळीतली एखादी पाकळी काढून तोंडात घालायचं आणि चापट खायचं.

दार उघडल्या उघडल्या पियुषने तिला मिठी मारली. असं तो कधी करत नाही. ऋतिकाने चहा टाकला. पूर्वी म्हणाली, "आजी, तू त्या अंकलची मजा केलीस ना?"

"नाही गं," मथुरा म्हणाली.

पियुष हसला. "आई, सही बाहेरच्यांसाठी होती. घरात तरी नको."

"पियुष, मी नाही केलं रे. मी तो दोनदा बघून बांधला. माझ्या मनात आलं होतं, निरगाठ मारावी असं. पण नाही मारली. आणि उलटा तर माझ्या मनातसुद्धा आला नाही. झेंडा आहे तो."

त्याचा चेहरा क्षणभर पडला. तिने तो पडताना पाहिला. शाळेत परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही की असाच पडायचा. मग त्याने मान हलवली, जसं लहान मुलाच्या थापेला हलवतात तशी, आणि मोबाइल काढून तिच्या शेजारी बसला.

"तू काहीही म्हण. हे बघ. ऑफिसच्या ग्रुपवर हा व्हिडिओ आला होता. सगळे विचारत होते, कोण ही बाई, काय हिंमत आहे. मी लिहिलं, माझी आई. शाळेत शिपाई आहे. पहिल्यांदाच सांगितलं मी तिथे. सगळ्यांनी काय काय लिहिलंय बघ तरी."

मथुराने मोबाइलकडे पाहिलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"बारा वर्षं झाली तुला त्या बँकेत," ती म्हणाली. "आधी काय सांगायचास?"

 पियुष अंगठ्याने मोबाइलवर वर-खाली करत राहिला. ऋतिका चहा घेऊन आली, तिने दोघांकडे बघून कप टेबलावर ठेवले आणि पूर्वीला आत नेलं.

मथुराने चहा घेतला. थोड्या वेळाने पियुषने पुन्हा मोबाइल पुढे केला, जरा घाबरतच, आणि म्हणाला, "आई, वाचू का?"

"वाच," मथुरा म्हणाली. तो वाचत होता तोवर ती ऐकत बसली, आणि आपण केलं नाही हे तिने त्यानंतर कुणालाही सांगितलं नाही.